डी ड्राइव्ह म्हणजे दुसरी हार्ड डिस्क नव्हे

पत्राचा सारांश: परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बस स्थानकाजवळ डीटीपी आणि छपाईचे छोटे दुकान चालवणाऱ्या एका ताईंचे हे पत्र आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे नमुने, वर्षश्राद्धाच्या पत्रिका अशी सगळी कामे त्या २०११ साली घेतलेल्या एकाच संगणकावर करतात. त्यावर ३२ बिटची विंडोज ७, २ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. गेल्या दोन महिन्यांपासून हा संगणक मध्येच गोठतो. माऊसचा बाण हलतो, पण काहीच उघडत नाही. आतून अधूनमधून टकटक आवाज येतो, दोनदा निळा पडदा येऊन गेला आणि सकाळी संगणक सुरू केला की तारीख काही वर्षे मागे गेलेली असते. दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या तरुणाने व्हर्च्युअल मेमरी वाढवून दिली. दोन दिवस बरे चालले आणि पुन्हा तेच सुरू झाले. आता रॅम ८ जीबी करून सी ड्राइव्ह फॉरमॅट मारू, असे तो म्हणतो. छत्रपती संभाजीनगरला नोकरीस असलेला मुलगा म्हणतो, तो डबा भंगारात दे, मी नवा लॅपटॉप घेऊन देतो. जुनी कामे डी ड्राइव्हवर आहेत, तेव्हा फॉरमॅटची भीती नाही, असे ताईंना वाटते. मात्र तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल, तोवर रॅम टाकावी की लॅपटॉप घ्यावा, आणि वर्षानुवर्षे पैसे न मागता धावून येणाऱ्या मुलाला न दुखावता दुसऱ्याचा सल्ला कसा घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

रॅम की लॅपटॉप, याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी तुमच्या पत्रातील ज्या एका वाक्याने मला सर्वाधिक काळजी वाटली, त्याबद्दल बोलतो. कामे डी ड्राइव्हवर आहेत, म्हणून ती सुरक्षित आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. ही समजूत तुमच्या एकट्याची नाही. आपल्याकडे संगणक विकणारा माणूस पहिल्याच दिवशी ‘महत्त्वाचे ते डी मध्ये ठेवा’ असे सांगून जातो आणि ते वाक्य पुढे पंधरा वर्षे घरात, दुकानात आणि शाळेच्या कार्यालयात चालत राहते. त्यात अर्धे तथ्य आहे, कारण विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर सी पुसला जातो आणि डी तसाच राहतो. परंतु सी आणि डी हे बहुतेक जुन्या संगणकांत एकाच हार्ड डिस्कचे पाडलेले भाग असतात. दोघा भावांनी शेताची वाटणी करून मध्ये बांध घातला, तरी विहीर एकच असावी, तसा हा प्रकार आहे. डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात.

तुमच्या संगणकावर काय स्थिती आहे, हे पाहण्यासाठी ‘कॉम्प्युटर’वर उजवी कळ दाबून ‘मॅनेज’ आणि त्यात ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे लागते. तेथे खालच्या बाजूस ‘डिस्क ०’ असे लिहिलेली एक आडवी पट्टी दिसते आणि तिच्यात सी, डी, कधी ई असे चौकोन ओळीने मांडलेले असतात. पट्टी एकच असेल तर वस्तूही एकच आहे. तुमच्या पत्रात ५०० जीबीच्या एकाच डिस्कचा उल्लेख असल्यामुळे तेथे काय दिसेल, याची मला खात्री वाटते; म्हणून केवळ हे पाहण्यासाठी संगणक सुरू करू नका. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. डेस्कटॉपवर आणि ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवलेल्या फाइली सी ड्राइव्हवर असतात, आणि तुमचे मराठी फॉन्टही सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरात असतात. गिऱ्हाईक समोर उभे असताना घाईत केलेली किती कामे आपण डेस्कटॉपवर ठेवतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. फॉरमॅटमध्ये ती सगळी जातील.

आता दुसरी समजूत पाहू. संगणक हळू झाला म्हणजे मेमरी कमी पडते, असे तुमच्या ओळखीच्या तरुणाने गृहीत धरले आहे आणि २ जीबी रॅम पाहून कोणालाही तसेच वाटेल. मात्र तुम्ही सांगितलेली लक्षणे वेगळीच दिशा दाखवतात. रॅम कमी असलेला संगणक कायम रेंगाळतो. चार खिडक्या उघडल्या की जड होतो, दोन बंद केल्या की हलका होतो. याउलट तुमचा संगणक व्यवस्थित चालता चालता एकदम थबकतो, बाण हलत राहतो, मिनिटभराने सगळे आपोआप सुरळीत होते आणि त्याच वेळी आतून टकटक ऐकू येते. हार्ड डिस्कच्या तबकडीवरील एखादा भाग वाचता येईनासा झाला की डिस्क तेथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, त्यात कित्येक सेकंद जातात, आणि तोपर्यंत विंडोजला वाट पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसते. ही डिस्क खराब होत चालली आहे, असे मी जवळजवळ निश्चित मानतो.

निळ्या पडद्यावरील अक्षरे तुम्ही टिपून ठेवलेली नाहीत, पण तेथे ‘कर्नेल डेटा इनपेज एरर’ असे काही होते का, हे आठवून पाहा. व्हर्च्युअल मेमरी म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर तिच्यातील मजकूर तात्पुरता ठेवण्यासाठी हार्ड डिस्कवर राखलेली जागा. तेथे ठेवलेला मजकूर परत वाचताना डिस्क अडली, तर विंडोज नेमकी याच संदेशाने कोसळते. मेमरीचा वाटणारा हा दोष अनेकदा डिस्कचा निघतो, तो असा. व्हर्च्युअल मेमरीचा आकडा मोठा केल्याने संगणकाचा वेग वाढत नाही. ‘मेमरी अपुरी आहे’ अशी सूचना येणे फार तर थांबते. ती जागा सी वरून डी वर हलवल्यानेही काही साधत नाही, कारण डिस्क तीच असते. दोन दिवस बरे चालले, ते बहुधा ही जागा डिस्कच्या निराळ्या, धड असलेल्या भागात गेल्यामुळे असेल. तो आकडा ठरवण्याचे काम विंडोजवर सोपवणारी स्वयंचलित खूण व्हर्च्युअल मेमरीच्या त्याच पानावर असते. डिस्क बदलल्यावर ती पुन्हा लावून घ्या आणि त्या पानाला पुन्हा हात लावू नका.

म्हणून आज काय करायचे, ते सांगतो. संगणक बंद ठेवा. ‘एकदा चालू करून बघू’ असे करू नका, कारण अशी डिस्क किती तास चालेल हे कोणीही सांगू शकत नाही आणि उरलेला प्रत्येक तास आपल्याला फाइली बाहेर काढण्यासाठी हवा आहे. एक बाहेरून जोडायची नवी हार्ड डिस्क आणा. तुमच्या ओळखीच्या तरुणाला संगणकातील जुनी डिस्क काढून यूएसबी जोडणीने दुसऱ्या चांगल्या संगणकाला लावायला सांगा, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करून फाइली उतरवायला सांगा. दोन्ही मार्गांनी जुनी विंडोज चालू न करता काम होते आणि डिस्कवरचा भार कमी राहतो. सगळा डी ड्राइव्ह एकदम ओढायला लावू नका. तसे केले की वाटेत पहिला खराब भाग आला की सगळे तेथेच अडून बसते. आधी चालू कामे, मग फॉन्टचे फोल्डर, मग पत्रिकांचे साचे, त्यानंतर शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि सर्वांत शेवटी फोटो व गाणी असा क्रम लावा. एखादी फाइल अडली तर तिला सोडून पुढे जावे. तिच्याकडे नंतर परत येता येते. एखादे मोठे फोल्डरच अडत असेल, तर लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. अशा डिस्कसाठी मला त्याहून भरवशाचे साधन माहीत नाही.

हे होण्यापूर्वी तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधील डिस्क तपासण्याची सोय, चालवू नका. खराब भाग शोधून दुरुस्त करण्याचा तिचा पर्याय संपूर्ण डिस्क वाचत सुटतो आणि फाइलींच्या नोंदींत फेरफारही करतो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हा भार टाकण्यात शहाणपण नाही. विंडोज सुरू होताना ती आपणहून डी तपासू लागली, तर कोणतीही कळ दाबून ते टाळण्यासाठी काही सेकंद दिलेले असतात. डिफ्रॅगमेंट, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र मांडणे, तेही करू नका. विंडोज ७ मध्ये ते दर बुधवारी पहाटे १ वाजता आपोआप करण्याचे ठरवून दिलेले असते आणि त्या वेळी संगणक बंद असेल तर नंतर मोकळ्या वेळी केले जाते. तिसरे म्हणजे, डिस्क मुळीच ओळखली जात नसेल आणि नुसती टकटकत असेल, तर ती उघडून पाहू देऊ नका. आतल्या तबकडीवर धुळीचा एक कण बसला तरी नुकसान होते. मग ती बंद करून पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे पाठवावी की सोडून द्यावी, हा खर्चाचा हिशेब उरतो. आणि तो तुमच्या साच्यांचे मोल किती, यावर ठरेल.

फाइली हाती आल्या की मग तपासणी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, तांबडा म्हणजे वाईट. रंगापेक्षा दोन ओळी पाहाव्यात: ‘रीअलोकेटेड सेक्टर्स काउंट’, म्हणजे डिस्कने बाद करून ज्यांच्या जागी राखीव भाग वापरले त्यांची संख्या, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’, म्हणजे जे वाचता येत नाहीत पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, असे भाग. दुसऱ्या ओळीतील आकडा शून्याहून मोठा असेल आणि दिवसागणिक वाढत असेल, तर त्या डिस्कवर काम करू नये. हे आकडे सोळाच्या पायाच्या पद्धतीने दाखवलेले असतात, त्यामुळे मध्येच इंग्रजी अक्षर दिसले तर गोंधळू नका. ‘यूडीएमए सीआरसी एरर काउंट’ नावाच्या ओळीतील आकडा वाढत असेल, तर मात्र दोष बहुधा डिस्कचा नसून तिच्या केबलचा असतो. सैल झालेली किंवा दुकानातल्या उंदरांनी कुरतडलेली केबल ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही, आणि ती बदलायला फार खर्चही येत नाही. निळा रंग दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडणाऱ्या डिस्कही असतात.

रॅमविषयी तुमच्या तरुणाचे म्हणणे अगदी चूक नाही. फक्त आकडा चुकला आहे. तुमची विंडोज ३२ बिटची आहे आणि ती ४ जीबीपलीकडची रॅम वापरू शकत नाही. त्यातीलही काही भाग ग्राफिक्स वगैरेंच्या वाट्याला जाऊन प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन जीबी हाती लागते. ८ जीबी घेतल्यास निम्म्याहून अधिक पैसे वाया जातील. ६४ बिटची विंडोज टाकावी, तर तिच्यावर १६ बिटचे जुने प्रोग्राम चालतच नाहीत, आणि तुमच्या काळातील मराठी अक्षरजुळणीच्या काही प्रणालींचे इन्स्टॉलर तसे असू शकतात. तेव्हा ४ जीबीवर थांबावे. नवी पट्टी आणताना जुनी काढून सोबत न्यावी, कारण डीडीआर २ आणि डीडीआर ३ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. रॅम बसवल्यावर विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ रात्रभर चालवून पाहावे. आणखी एक पाहून घ्या: ‘एमएसकॉन्फिग’च्या बूट विभागात ‘मॅक्झिमम मेमरी’ नावाची चौकट असते. तेथे खूण करून आकडा भरला की वेग वाढतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती चौकट विंडोजने वापरायच्या मेमरीवर मर्यादा घालण्यासाठी आहे. ती रिकामीच असली पाहिजे.

तारीख मागे जाण्याचा या सगळ्याशी थेट संबंध नाही. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा, रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला आहे. तो बदलला की झाले. तरीही तो आजच्या आज बदलून घ्या, कारण सेल संपला की तारखेबरोबर बायोसमधील (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममधील) इतर निवडीही मूळ पदावर जातात. त्यात डिस्क वापरण्याची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली, तर उत्तम स्थितीतील विंडोजही सुरू होत नाही, निळा पडदा दाखवून थांबते आणि दुरुस्तीवाला ‘विंडोज उडाली, फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगून मोकळा होतो. एक निवड पूर्ववत केल्याने जे काम झाले असते, त्यासाठी कितीतरी जणांनी आपल्या फाइली गमावल्या असतील.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येतो. तो काळजीने सांगतो आहे आणि त्याच्या म्हणण्यातील एक भाग मला पूर्ण पटतो. विंडोज ७ साठी सुरक्षा सुधारणा देणे मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. क्रोम ब्राउझरची १०९ ही या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि त्यालाही २०२३ पासून पुढचे काही मिळालेले नाही. त्यामुळे बँकेचे व्यवहार, जीएसटीचे काम किंवा गिऱ्हाइकांची आधार कार्डे हाताळणे, यांतले काहीही त्या संगणकावर करू नका. परंतु नवा लॅपटॉप आला की जुना संगणक निरुपयोगी झाला, हे मला पटत नाही. तुमचे साचे पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये आणि युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत; ते फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘शुभविवाह’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसेल. अक्षरजुळणीच्या प्रणालीला डाँगल (ती चालण्यासाठी संगणकाला लावावा लागणारा किल्लीसारखा छोटा जोड) लागत असेल आणि तो मागच्या जुन्या प्रिंटर पोर्टला लावायचा असेल, तर नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. ऐन लग्नसराईत हे शोध लागणे परवडणारे नाही.

म्हणून माझे मत असे की जुन्या संगणकात २४० किंवा २५६ जीबीची साटा जोडणीची एसएसडी हार्ड डिस्कच्या जागी टाकावी, रॅम ४ जीबी करावी आणि त्याचे इंटरनेट काढून तो केवळ अक्षरजुळणीसाठी ठेवावा. एसएसडीत फिरणारी तबकडी नसल्यामुळे २०११ च्या संगणकालाही तिचा फरक लगेच जाणवतो. तेवढा फरक रॅमने पडणार नाही. जुनी डिस्क अजून नीट वाचली जात असेल, तर सी ड्राइव्ह आहे तसा एसएसडीवर उतरवून घ्यावा. एरवी मी विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला देतो. पण तुमच्याकडे पेजमेकरची आणि मराठी प्रणालीची मूळ सीडी व किल्ली शोधून सापडेल का, याची मला शंका आहे. आणि ती नसेल तर चालू असलेली जुळणी मोडण्यात अर्थ नाही. लग्नसराई आटोपल्यावर मुलाने दिलेल्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये नवे साचे सावकाश तयार करा, आणि जुन्या पत्रिकांच्या फॉन्टसह पीडीएफ करून ठेवा, म्हणजे पुढे मूळ फाइल न उघडली तरी मजकूर आणि मांडणी डोळ्यांसमोर राहील. विंडोज ११ मात्र जुन्या संगणकावर टाकायचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि २०११ च्या यंत्रात ती नसते.

नवी डिस्क टाकण्याआधी विजेकडे पाहा, नाहीतर हेच पुन्हा घडेल. आपल्याकडे वीज न सांगता जाते आणि येताना कधी कमी, कधी जास्त दाबाने येते. लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते आणि डिस्कलाही ते मानवत नाही. यूपीएस केवळ जोडलेला असून भागत नाही. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, म्हणून भिंतीवरचे बटण बंद करून संगणक किती मिनिटे तग धरतो, हे महिन्यातून एकदा पाहावे; अर्थात आधी फाइली जतन करून. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. पत्र्याच्या छताखाली वैशाखात पारा चाळिशीपार गेला की आतील पंख्यावर बसलेल्या धुळीचा परिणाम दुप्पट होतो, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर डबा उघडून ब्लोअरने साफ करून घ्यावा. त्याच वेळी मदरबोर्डवरील छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांचे माथे फुगले आहेत का, तेही पाहायला सांगा. फुगलेले असतील, तर या यंत्रात एसएसडीचे पैसे घालण्यापूर्वी थांबा आणि मुलाचा प्रस्ताव आधी स्वीकारा.

राहिला तो तरुण. त्याला टाळून दुसऱ्याकडे जाण्याची गरज मला दिसत नाही. त्याने लक्षण पाहून नेहमीचा उपाय केला, त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला घरी चहाला बोलवा आणि ‘तू चुकलास’ असे न म्हणता कामाचा क्रम कागदावर लिहून त्याच्या हाती द्या: आधी फाइली दुसऱ्या डिस्कवर, त्या माझ्यासमोर उघडून दाखव, मग तपासणी, मग एसएसडी आणि रॅम, फॉरमॅट हा शब्द माझ्या होकाराशिवाय नाही. आणि या वेळी त्याला पैसे द्या. फुकट केलेले काम माणूस दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत उरकतो, आणि डिस्कमधून फाइली काढण्याचे काम असे उरकण्याजोगे नसते. लिनक्सने फाइली उतरवणे त्याने पूर्वी केलेले नसेल तर त्याने तसे सांगावे, आणि परभणी किंवा नांदेडच्या एखाद्या जाणत्या माणसाकडे दोघांनी मिळून जावे. त्यात त्याचा मान कमी होत नाही आणि त्याला शिकायलाही मिळते.

उतरवलेल्या फाइलींच्या प्रती दोन ठेवा: एक दुकानात, एक घरी. आठवड्याच्या सुटीच्या आदल्या संध्याकाळी त्या आठवड्याची कामे दोन्हीकडे टाकण्याची सवय लावा आणि काम झाले की बाहेरची डिस्क संगणकापासून काढून ठेवा. जुनी डिस्क लगेच टाकू नका. तिच्यावर तारीख लिहून ती लग्नसराई संपेपर्यंत कपाटात राहू द्या, कारण राहून गेलेली एखादी फाइल दोन महिन्यांनी आठवते. मग ती भंगारवाल्याला सबंध मात्र देऊ नका. नुसत्या फॉरमॅटने पुसलेला मजकूर अनेकदा परत मिळवता येतो आणि तिच्यावर गावातील कितीतरी माणसांची कागदपत्रे आहेत. तबकड्यांना आरपार भोके पाडून घ्या आणि नंतरच ती द्या.